संकोचाचा गोळा

निरोपाच्या जेवणात भोपळ्याचं एक भजं उरलं. जपानी लोक त्याला तेम्पुरा म्हणतात, पण पातळ पिठात बुडवून तळलेली भोपळ्याची फोड म्हणजे माझ्या लेखी भजंच. टेबलाभोवती आम्ही चौदा जण होतो. मुख्याध्यापक, उपमुख्याध्यापक, वर्गशिक्षक, शाळेची नर्स, ऑफिसातल्या बाई. ताटली मधोमध. तिच्याकडे सगळ्यांचं लक्ष होतं आणि बघत कुणीच नव्हतं. दहा मिनिटं गेली. वाढणारी मुलगी रिकाम्या ताटल्या उचलून घेऊन गेली, ही तेवढी जागच्या जागी ठेवून गेली.

या उरलेल्या एकाला ओसाका-वाकायामाच्या बाजूला नाव आहे. ‘एन्र्यो नो कातामारी’. एन्र्यो म्हणजे भीड, संकोच. कातामारी म्हणजे गोळा. प्रत्येकानं आपापला थोडा संकोच मागे ठेवला आणि त्याचा गोळा होऊन ताटलीत बसला. मराठीत याला शब्द नाही, कारण आपल्याकडे तो गोळा उरूच देत नाहीत. माझी आई तिथे असती, तर ‘अहो, एवढंसं कशाला ठेवायचं’ म्हणत पहिल्याच मिनिटाला तिनं ते भजं मुख्याध्यापकांच्या ताटलीत टाकलं असतं, आणि ते ‘नको नको’ म्हणेपर्यंत वर चटणीही वाढली असती.

मी तिथे पाच वर्षं इंग्रजी शिकवलं. २०१८च्या ऑगस्टमध्ये गेले, २०२३च्या जुलैअखेर सोडलं. परदेशी तरुणांना शाळांत भाषा-सहायक म्हणून बोलावायची जपान सरकारची एक योजना १९८७पासून चालू आहे. करार वर्षावर्षाचा, आणि जास्तीत जास्त पाच वर्षं. सांगलीच्या मुलीच्या वाट्याला त्यात वाकायामा आलं. ओसाकाच्या दक्षिणेला, डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये चेपून बसलेला प्रांत. नकाशा बघून बाबा म्हणाले, ‘हे तर कोकण की गं.’ फारसे चुकले नाहीत. आंब्याच्या जागी उमे नावाच्या आंबट फळाची झाडं, सुपारीच्या जागी संत्र्यांच्या बागा, आणि तरुण माणसं सगळी शहरात. वाकायामा आणि महाराष्ट्र यांच्यात २०१३ साली सहकार्याचा करार झालेला आहे, हे मी गावात उत्साहानं सांगायचे. लोक ‘हो का!’ म्हणायचे आणि चहा ओतायचे.

माझ्यामुळे मुलांना इंग्रजी किती आलं, ते त्यांच्या पुढच्या मास्तरांना विचारावं. त्यांनी मला जेवायला शिकवलं, एवढं मी छातीठोकपणे सांगू शकते.

चौथा तास संपला की वर्गातली सात-आठ मुलं पांढरे झगे, पांढऱ्या टोप्या आणि मास्क चढवायची. त्या आठवड्याची वाढपाची पाळी त्यांची. दोघं मिळून सूपचं पातेलं उचलून आणायची, एकजण भाताचा डबा, एकजण दुधाच्या खोक्यांची क्रेट. तिसरीतली एक मुलगी मला अजून दिसते. पळीभर सूप वाटीत ओतायच्या आधी ती मान वर करून रांगेतली डोकी मोजायची, मग पातेल्यात बघायची, मग पळी किंचित कलती करून थोडं परत सोडायची. शेवटच्या वाटीलाही तितकंच पुरलं पाहिजे हा हिशेब. मी तिच्या वयाची असताना मला नुसतं पाणी वाढायला दिलं तरी पंगतीत निम्म्या लोकांच्या मांडीवर सांडायचं. शुक्रवारी ती मुलं आपापला झगा पिशवीत घालून घरी न्यायची आणि सोमवारी धुऊन, इस्त्री करून पुढच्या तुकडीच्या हाती द्यायची.

मग सगळे हात जोडून एका सुरात ‘इतादाकिमास’. याचा अर्थ पुस्तकात ‘मी विनम्रपणे स्वीकारतो’ असा दिलेला असतो आणि तो वाचून काही होत नाही. मला तो कळला तो एका वयस्क बाईंनी ते चित्रलिपीतलं अक्षर समजावून सांगितलं तेव्हा. अक्षर डोंगराच्या माथ्याचं, आणि क्रियापदाचा जुना अर्थ डोक्यावर ठेवून घेणं. म्हणजे प्रसादाचा खडा तोंडात टाकण्याआधी आपण कपाळाला लावतो तेच. दुधाच्या दोनशे मिलिलिटरच्या खोक्यालाही ते लागू होतं, ही गंमत.

या शाळेतल्या जेवणाची सुरुवात १८८९ सालची मानतात. यामागाता प्रांतातल्या त्सुरुओका गावी एका देवळात चालणाऱ्या शाळेत गरीब मुलांना भाताचे गोळे, खारवलेला मासा आणि लोणचं देऊ लागले. १९५४ साली कायदा झाला आणि जेवण हा शिक्षणाचाच भाग ठरला. म्हणून शिक्षक मुलांबरोबर, त्याच वर्गात, तेच अन्न जेवतात. आपल्याकडेही शाळेत खिचडी शिजते आणि तिच्यामुळे कितीतरी मुलं शाळेत टिकली, त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण ती शिजवते कोण, वाढते कोण, आणि गुरुजी स्वतःचा डबा कुठे बसून खातात, हेही मला माहीत आहे. माझ्या शाळेत मधल्या सुट्टीत डबे एकत्र उघडायचे. कुणाच्या डब्यात हात घालायचा आणि कुणाच्या नाही, हे मात्र आम्हा आठ वर्षांच्या मुलींना कुणी न सांगताच ठाऊक होतं.

जेवणाच्या आधी अर्धा तास मुख्याध्यापकांची पाळी. साडेअकराच्या सुमाराला त्यांच्या खोलीत एक ट्रे जायचा. मुलांच्या आधी त्यांनी प्रत्येक पदार्थ चाखायचा, वास-चव-शिजणं तपासायचं आणि कागदावर शिक्का मारायचा. शिवाय स्वयंपाकघरात प्रत्येक पदार्थाचे पन्नास ग्रॅम वेगळे काढून उणे वीस अंशांवर दोन आठवडे ठेवतात. काही घडलंच, तर तपासायला. शेजारच्या ओसाका प्रांतातल्या साकाई शहरात १९९६ साली शाळेच्या जेवणातून हजारो मुलांना विषबाधा झाली होती, त्याची धास्ती अजून आहे. आमचे मुख्याध्यापक रोज एकटे बसून, पाठ ताठ ठेवून, अगदी गंभीर चेहऱ्यानं मुलांचं जेवण जेवायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. नंतर कधी आलं नाही.

उरलेल्या गोष्टींचा निकाल जान्केनवर. जान्केन म्हणजे दगड, कागद, कात्री. कुणी गैरहजर असला की त्याच्या वाटची जेली किंवा बर्फासारखं गोठवलेलं संत्रं उरायचं. मग हवी असणारी मुलं फळ्यापुढे गोल करायची, आरोळी ठोकायची आणि मुठी आपटायची. हरलेला जागेवर जाऊन बसायचा. रडारड नाही, ‘बाई, त्याला कालही मिळालं’ नाही. मोठ्यांच्या ताटलीत संकोचाचा गोळा बसतो, आणि त्यांचीच पोरं जेलीसाठी अशी उघड लढतात. मधल्या कुठल्या इयत्तेत हे बदलतं, याचा मी पाच वर्षं शोध घेतला. माझा अंदाज सहावी.

२०२० साली करोनामुळे शाळा बंद झाल्या, मग उघडल्या, आणि पुढे जवळजवळ तीन वर्षं मुलं फळ्याकडे तोंड करून, एका ओळीत, न बोलता जेवली. तीस मुलं आणि फक्त चमच्यांचा आवाज. जेली तेव्हाही उरायची. जान्केनही व्हायचं, मुक्यानं. नुसत्या मुठी हवेत वर-खाली व्हायच्या आणि जिंकलेलं पोर ओठ घट्ट मिटून, खांदे उडवून हसायचं. त्या काळातलं मला आजारपण, आकडे वगैरे काही आठवत नाही. त्या मुठी आठवतात.

सगळंच गोड होतं असं नाही. एक मुलगा पालकाची तिळातली भाजी खाऊ शकत नसे. त्याला घंटा होईपर्यंत ताटलीसमोर बसवून ठेवलेलं मी पाहिलं आहे. आजूबाजूला बाकं सरकवून केर काढणं चालू, धूळ उडतेय, आणि हा एकटा पालकासमोर. भाताच्या एका कणात सात देव असतात असं तिथे मुलांना सांगतात. सात देव असोत की सत्तर, नऊ वर्षांच्या पोराला असं बसवू नये. मी तेव्हा काही बोलले नाही, ते माझ्या मनाला लागून राहिलं आहे. हळूहळू ही पद्धत कमी होत चालली आहे, एवढं बरं.

माझी स्वतःची अडचण होती डावा हात. जेवताना डावा हात मांडीवर, हे आमच्या घरी मारून मुटकून शिकवलेलं. ताट उचलायचं नाही, वाटी तोंडाला लावायची नाही. तिथे नेमकं उलटं. भाताचा वाडगा डाव्या हातात उचलून छातीपाशी धरायचा. तो खाली ठेवून त्याच्यावर वाकून जेवलात, तर त्याला ‘कुत्र्याचं खाणं’ म्हणतात. मी सहा महिने कुत्र्यासारखी जेवत होते आणि कुणी चकार शब्द काढला नाही. शेवटी दुसरीतल्या एका मुलीनं माझा डावा हात मांडीवरून उचलला, वाडग्याखाली नेऊन ठेवला आणि ‘असं’ म्हणाली. पोरांना एन्र्यो नसतं त्याचा फायदा. त्या दिवशी भात अर्धा झाला तरी मला आजीचा आवाज ऐकू येत होता. सूपचा भुरका मात्र मला जमला. माझे आजोबा कढीचा असा भुरका मारायचे की शेजारच्या वाड्यात कळायचं, आज कढी आहे.

काड्यांचे नियम वेगळेच. पहिल्या महिन्यात मी बोलता बोलता काड्या भातात उभ्या खुपसल्या आणि शिक्षकांच्या खोलीत एकदम शांतता पसरली. शेजारच्या बाईंनी हलक्या हातानं त्या काढून आडव्या ठेवल्या. मृताच्या उशाशी जो भात ठेवतात, त्यात काड्या अशा उभ्या खोचतात. दुसरा नियम, काडीतून काडीत घास द्यायचा नाही. याचं कारण मला तिसऱ्या वर्षी समजलं. गल्लीच्या टोकाला राहणारे एक आजोबा गेले आणि मी दहनानंतर तिथे होते. घरची माणसं लांब काड्या घेऊन दोघादोघांनी मिळून अस्थी उचलत होती आणि कलशात ठेवत होती, पायांकडून सुरुवात करून डोक्याकडे. मराठीत याला आपण सावडणं म्हणतो. तिथल्या कुणाला मला तो शब्द सांगावासा वाटला, पण तेवढं जपानी मला येत नव्हतं. त्यानंतर माझ्या काडीतून दुसऱ्याच्या काडीत कधीच काही गेलं नाही.

आता कबुलीजबाब. मी शाकाहारी म्हणून गेले. मांस-मासे असतील त्या दिवशी मी डबा न्यायची. व्हेलच्या मांसाचे तळलेले तुकडे जेवणात असायचे त्या दिवशीही. वाकायामात तेही वर्षातून एखाद्या वेळी असतं. पण मिसो सूप मी रोज मिटक्या मारत प्यायले. आईला फोनवर सांगितलं, ‘सोयाबीनचं वरण असतं गं, अगदी आपल्यासारखं.’ दोन महिन्यांनी आहारशिक्षिकेनं मला तिच्या टेबलापाशी बोलावलं आणि एक काळपट, लाकडासारखा ठोकळा हातात दिला. वाळवून, धुरी देऊन टणक केलेला मासा. सुताराच्या रंध्यासारख्या यंत्रावर तो तासतात आणि त्या पापुद्र्यांचा अर्क म्हणजे ‘दाशी’. मिसोत दाशी, भाजीत दाशी, अंड्यात दाशी. मला माहीत नसावं अशी तिला शंका आली होती, आणि विचारावं की नाही यात तिचे बरेच दिवस गेले होते. १९०८ साली इकेदा किकुनाए नावाच्या तोक्योच्या प्राध्यापकानं याच दाशीतल्या कोम्बू नावाच्या समुद्री पाल्यातून उमामी ही चव शोधून काढली, वगैरे तिनं मला मोठ्या प्रेमानं समजावलं. मी ठोकळ्याचा वास घेत उभी. दुसऱ्या दिवशी वाटी समोर आली. मी बघत बसले आणि मग प्यायले. त्यापुढची पावणेपाच वर्षं रोज प्यायले. आईला सोयाबीनचं वरणच सांगत राहिले.

निर्धास्तपणे जेवले ती कोयासानला. कुकाई या भिक्षूनं ८१६ साली वसवलेलं हे डोंगरमाथ्यावरचं देवळांचं गाव वाकायामातच आहे. तिथल्या मठात राहिलं की शोजिन र्योरी मिळतं. भिक्षूंचं जेवण. दाशी कोम्बूची आणि वाळवलेल्या अळिंबीची, तिळाचं थरथरणारं तोफू, गोठवून वाळवलेलं स्पंजासारखं तोफू. कांदा नाही, लसूण नाही. मी म्हटलं, हा तर बारमाही चातुर्मास, फक्त कांदेनवमी नाही. तिथेच कोयासान विद्यापीठाच्या आवारात बाबासाहेबांचा पुतळा आहे. २०१५मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. धुक्यात, देवदारांसारख्या उंच झाडांखाली तो सूट, तो चष्मा. मला माझ्या शाळेतले ते डबे आठवले. पाठोपाठ पळी कलती करून सूप परत सोडणारी ती मुलगी.

तिथे गेल्यावर पहिल्या वर्षी मला सर्वांत जास्त कशाची उणीव भासली असेल, तर आग्रहाची. कुणी ‘घे गं अजून’ म्हणत नाही. एकदा ‘नको’ म्हटलं की नकोच. दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे समोरच्याच्या नाही म्हणण्यावर अविश्वास. आमच्या घरी तर पहिलं ‘नको’ हे नुसतं बोलण्याची सुरुवात असते. मी कितीतरी घरांतून अर्धपोटी उठले, दुसऱ्या ‘घ्या ना’ची वाट बघत. त्यांचा आग्रह मला दिसत नव्हता, कारण मी तो ताटावर शोधत होते.

जेवण झाल्यावर म्हणायचा शब्द ‘गोचिसोसामा’. त्यातल्या ‘चिसो’चं मूळ धावणं, घोडा दौडवणं. पाहुण्यासाठी जिन्नस गोळा करायला कुणीतरी धावपळ केली, तिच्याबद्दल हे धन्यवाद. आपण ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणतो त्याच्या जवळचं, फक्त नजर दात्यापेक्षा त्याच्या धावपळीवर. एकदा हे कळल्यावर मग दिसायला लागलं. मी जेवायला यायची म्हणून शेजारच्या आजींनी आदल्या रात्री कोम्बू भिजत घातलेला असायचा, माशाचा पापुद्राही न घालता. बोलायच्या काहीच नाहीत. वाटीचं झाकण काढून बघत बसायच्या. आणि मेजवानीत स्वतःचा पेला स्वतः भरायचा नाही, दुसऱ्याचा रिकामा दिसला की आपण भरायचा, हा आग्रह नाही तर काय? माझ्या ऊलोंग चहाच्या पेल्याकडे पाच वर्षं कुणाचं ना कुणाचं लक्ष होतं. थांबवायचं असेल तर पेला भरलेला ठेवायचा. आपण पानावर हात आडवा धरतो तसं.

तरीही माझं मत असं की तोंडानं केलेल्या आग्रहात जो गोंधळ असतो, जी लटकी भांडणं असतात, ती मला हवी असतात. न मागता मिळालेल्या गोष्टीची परतफेड करता येत नाही. ‘घ्या हो’ला निदान ‘नको हो’ म्हणता येतं.

सोडायचं ठरलं ते पाचव्या वर्षाच्या हिवाळ्यात. योजनेतला करार संपत होता, पण गावच्या शिक्षण मंडळानं वेगळ्या करारावर राहता का, असं विचारलं होतं. बाबा पंच्याहत्तरीला आले होते. फोनवर आई ‘ये’ म्हणत नव्हती, ‘तुझं तू बघ’ म्हणत होती, आणि या वाक्याचा अर्थ सांगलीत काय होतो ते मला ठाऊक आहे. मी नकार कळवला. तिथे नकारही अर्धा बोलायचा असतो. ‘ते जरा...’ म्हणून थांबले. समोरच्या साहेबांनी मान लववली. संपलं.

जून उजाडला की आमच्या गावात झाडांखाली निळ्या जाळ्या पसरतात. पिकलेली उमे आपोआप त्यावर गळतात. फळ दिसायला जर्दाळूसारखं, कच्चं खाल्लं तर तोंड आंबून जाईल. या भागातल्या नामांकित जातीचं नाव ‘नान्को’. गावागावांतल्या झाडांतून चांगली जात निवडायचं काम १९५०च्या सुमाराला सुरू झालं, त्यात इथल्या हायस्कूलचे एक शिक्षक आणि त्यांचे विद्यार्थी पाच वर्षं राबले. हायस्कूलचं बोलीतलं लघुनाव नान्को, ते या जातीच्या नावात आलं. १९६५ साली नोंदणी झाली. मास्तर लोकांचं इतकं चवदार स्मारक मी दुसरं पाहिलेलं नाही.

शेजारच्या आजींकडे मी दर जूनला मदतीला जायची. फळ धुवायचं, फडक्यानं एकेक कोरडं करायचं, देठाची टिकली बांबूच्या काडीनं टोकरून काढायची. मग वजनाच्या पाचव्या हिश्श्याला थोडं कमी मीठ, वर दगड. चार-पाच दिवसांत खार वर येतो. पुढे लाल शिसोचा पाला. जुलैअखेर उन्हाचा कडाका सुरू झाला की तीन दिवस सुपांत पसरून वाळवण. ओला हात लागला की आजी माझ्या मनगटावर चापट मारायच्या. सांगलीला कैरीचं लोणचं घालताना आई अशीच मारते. त्या वर्षी माझं विमान दोन ऑगस्टचं. वाळवणाचे तीन दिवस बरोबर त्याआधी संपले. आजींनी या वाळवलेल्या उमेंची, म्हणजे उमेबोशीची, एक काचेची बरणी भरून दिली, तोंडावर फडकं बांधून. आमच्याकडे त्याला दादरा म्हणतात. ‘दहा वर्षं टिकतील,’ म्हणाल्या. दुसरं काही बोलल्या नाहीत.

शाळा सोडताना प्रत्येकाच्या टेबलावर काहीतरी गोड ठेवायची रीत आहे. सुटं सुटं, एकेक वेष्टनात. दुकानातला खोका आणायच्याऐवजी मी कोबेच्या भारतीय दुकानातून बेसन मागवून चौतीस लाडू वळले आणि एकेक कागदात बांधले. उपमुख्याध्यापक लाडू तळहातावर घेऊन चारी बाजूंनी बघत होते. मला वाटलं, कौतुक चाललंय. ‘सेन्सेई, हे कधीपर्यंत खायचे?’ ते तारीख शोधत होते. ‘आजच,’ मी म्हटलं. त्यांनी ते गंभीरपणे कागदावर लिहून घेतलं आणि बाकीच्या टेबलांवर तसं सांगत फिरले.

भोपळ्याच्या भज्याचं राहिलंच. पाऊण तासानं कुणीतरी म्हणालं, मुलांसारखं जान्केन करू या. चौदा मोठी माणसं हॉटेलात उभी राहिली आणि मुठी आपटल्या. मी पहिल्याच फेरीत गेले. जिंकल्या ऑफिसातल्या बाई. गार झालेलं भजं त्यांनी चवीनं खाल्लं. निरोप माझा होता, पण मला अर्धंसुद्धा दिलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

घरी आल्यावर उमेबोशीची बरणी फडताळात लोणच्याशेजारी बसली. बाबांना पहिल्या घासाला ठसका लागला, नंतर ते दहीभाताबरोबर मागून घ्यायला लागले. मी दाशीची गोष्ट महिनाभर पोटात ठेवली. एके दिवशी आई पोळ्या लाटत असताना सांगून टाकली, की ते सोयाबीनचं वरण नव्हतं, त्यात मासा होता, रोज. तिनं पोळी उलटली.

‘माहितीये मला.’

‘कधीपासून?’

‘तू गेलीस त्या दिवाळीपासून. यूट्यूबवर दाखवतात की सगळं. म्हटलं, सांगेल तेव्हा सांगेल.’

पाच वर्षं तिनं हे बाळगलं होतं. प्रत्येक फोनवर ‘वरण होतं ना आज?’ असं विचारत.

गेल्या मे महिन्यात बरणीच्या तळाशी एकच उमेबोशी उरली. बाबा घेईनात, मीही घेईना, आठवडाभर ती तशीच खारात पडून होती. बाहेर कैऱ्या फोडून तयार होत्या, मोहरीची डाळ फेसून झाली होती. आईनं कोरड्या चमच्यानं ती उमेबोशी काढली आणि माझ्या भातावर ठेवली.

‘एवढ्याशासाठी बरणी अडकलीय,’ ती म्हणाली. ‘संपवून टाक.’